आईच्या गळ्यातलं

चिंचवड,
रविवार, ७ जुलै १९५७

इंदू,

पत्राच्या डोक्यावर आशीर्वाद लिहायचा असतो. मी लिहिला आणि खोडला. वरचा शाईचा फराटा त्याचाच आहे. माझा आशीर्वाद तुला चालेल की नाही, हेच मला कळेना.

आईला जाऊन महिना झाला. तेराव्याला तू आलीस, पण पंगतीला बसली नाहीस, माझ्या हातचं पाणीही घेतलं नाहीस. जाताना तुझे मारुतराव "येतो आक्का" म्हणाले. तू टांग्यात तोंड फिरवून बसलेली. शेजारच्या विमलबाईंनी मला विचारलं, "धाकट्या बाईला बरं नाही का वो?" मी म्हटलं, हो, ताप आहे. त्या बीडकडच्या. नवरा पिंपरीच्या औषधाच्या कारखान्यात आहे. चार महिने मी शाळेत गेले की आईजवळ त्याच बसायच्या. त्यांना सगळं माहीत आहे. तरी मी ताप म्हटलं, आणि त्यांनीही मान डोलावली.

मला एवढंच सांगायचं आहे. आईला शेवटची आंघोळ घालताना चार बायकांसमोर तू म्हणालीस, "आक्का, तू आयला बाटवलीस." तो शब्द महिनाभर माझ्या ताटात येऊन बसतो. बाटवणं म्हणजे जबरदस्ती. मी जबरदस्ती केली नाही. माघात तिची उजवी बाजू गेली, वाचा गेली. म्हाळुंग्यात डॉक्टर नाही, इथं आहे, म्हणून मी तिला आणली. तूच गाडीत पेंढा अंथरून चाकणच्या मोटारीपर्यंत सोबत आलीस. इथं तिचं सगळं मी केलं. लुगडी धुतली, कूस बदलली, घास भरवले. माझ्याजवळ जे सगळ्यात चांगलं होतं, ते तिला दिलं.

सतराव्या वर्षी कुंकू गेल्यावर मी कशी होते, ते तू पाहिलं आहेस. पुढं ट्रेनिंग झालं, शाळा मिळाली, तरी घरी आले की मी भिंतीकडे तोंड करून पडायची. ज्योतीरामबुवांचं नाम कानावर आलं नसतं, तर मी आज कुठल्या विहिरीत असते, कोण जाणे. रेल्वेत गँगमन होता तो माणूस, अक्षराशी गाठ नाही. पण त्यांच्या ओसरीवर दहा माणसांत बसून नाम घेताना मला पहिल्यांदा वाटलं, आपण कुणाच्या तरी आहोत. ते मी माझ्या आईला द्यायला नको होतं का?

आणि मी तिला विचारलं होतं. "आई, तुळशीची माळ घालायची ना?" तिनं डाव्या हातानं माझा हात दाबला. बुवांनीही माळ घालण्याआधी विचारलं. सगळं रीतीनं झालं. तिच्या गळ्यातली आधीची कवड्यांची माळ मी माझ्या पेटीत जपून ठेवली आहे.

मग त्या शेवटच्या आंघोळीच्या वेळी तुळशीची माळ कापायला तू कात्री घेऊन पुढं झालीस. मी तुझं मनगट धरलं. दोरा तुटला, मणी अंगणभर पसरले, आणि बायका पाय उचलून बाजूला सरकल्या. त्यात तुझं किती, माझं किती, ते मी आज ठरवत नाही. पण तीस वर्षं जिचा गळा कधी रिकामा नव्हता, ती आपली आई उघड्या गळ्यानं गेली. ते आपण दोघींनी मिळून केलं.

उत्तर पाठव. दोन ओळी पुरे.

आक्का


चिंचवड,
रविवार, २१ जुलै

इंदू,

तुझं कार्ड मिळालं. दोन ओळी मागितल्या होत्या, तू एकच पाठवलीस. "कवड्या पाठव." खाली नाव नाही, आक्का नाही. अक्षर मात्र तेच. 'ठ' काढताना तू अजून हात थांबवतेस. तुला अक्षरं मीच शिकवली, ओट्यावर राख पसरून.

पाठवते. पण जरा थांबावं लागेल. इथं तापाची साथ आहे. घराघरात माणसं आडवी झाली आहेत. कारखान्याचा भोंगा होतो, पण आत जाणारे निम्मेच. शाळा आठ दिवस बंद होती. त्यात पेटीची किल्ली कुठं ठेवली, ते मला आठवेना. सापडेल.

पण तुला त्या कशाला हव्यात? नवस आईचा होता. ती गेली तेव्हाच तो संपला. मी हे वाद घालायला लिहीत नाही, मला खरंच कळत नाही म्हणून लिहिते. तुला देवी आल्या तेव्हा तू तीन वर्षांची होतीस. तुला ते आठवत नाही, मला आठवतं, मी नऊ वर्षांची होते. अकरा दिवस तुझे डोळे उघडले नव्हते. आई चुलीपुढं बसून म्हणाली, "यमाई, पोरीचं डोळं उघड. तुझ्या कवड्या गळ्यात घालीन, जित्ती हाय तवर काढायची न्हाई." बाराव्या दिवशी सकाळी तू पाणी मागितलंस.

ती आजारी पडायच्या आधी एकदा मी तिला म्हटलं होतं, "आई, कवडी म्हणजे समुद्रातल्या किड्याचं घर. किडा मेला, घर राहिलं. ते तू गळ्यात घेऊन हिंडतेस."

ती हसली. म्हणाली, "मग तुझी तुळस काय गं? झाडाचं लाकूडच की."

मी म्हटलं, "तसं नाही ते. त्यामागं नाम आहे."

"मग ह्याच्यामागं इंदी हाय," ती म्हणाली, आणि शेंगा फोडायला लागली. मीही तिच्याजवळ बसले. दोघींनी शेंगा फोडल्या. मला राग आला नव्हता. तिलाही नसावा. आज वाटतं, तिथंच थांबायला हवं होतं. पण मी माझ्या मनात थांबले नाही. मला वाटलं, तिला अजून कळलेलं नाही, एक दिवस कळेल.

तू लिहिलं नाहीस, पण मी ओळखलं. कवड्या तू स्वतः घालणार आहेस. आईनं तुला तसं सांगितलं होतं का?

आक्का


चिंचवड,
गुरुवार, १ ऑगस्ट

इंदू,

मारुतराव नांगराचा फाळ घ्यायला पुण्याला आले होते, परतताना इकडे डोकावले. त्यांच्या हाती कवड्यांची माळ देते आहे. जुना दोरा कुजला होता म्हणून नव्या दोऱ्यात ओवली. कवड्या धुतल्या आहेत. घाम, तेल, वर्षांचा राप सगळं निघालं, त्यामुळं जरा नव्यासारख्या वाटतील. तसं काही मनात आणू नकोस. संख्या तेवढीच आहे.

मारुतरावांनी चहा घेतला. मी विचारलं, "इंदू काय म्हणते?" ते म्हणाले, "काय म्हनती? कामाला लागली हाय. बोलत न्हाई कुनाशी."

आता तरी बोल.

आक्का


चिंचवड,
रविवार, १८ ऑगस्ट

इंदू,

माळ परत आली. सोबतचं कार्ड मी इतक्यांदा वाचलं की पाठ झालं आहे. "आयच्या कवड्यांचं दात झिजलं व्हतं. मी ल्हानपनी तिच्या मांडीवर बसून बोट फिरवायची, गुळगुळीत लागायचं. ह्यांचं दात बोटाला लागत्यात. आक्का, ह्या कुनाच्या?"

ह्या कुणाच्याच नाहीत. मी पुण्याला जाऊन देवीच्या देवळाबाहेरच्या दुकानातून घेतल्या. दुकानदारानं विचारलं, "नवस हाय का बाई?" मी हो म्हटलं. घरी आणून रात्रभर हळदीच्या पाण्यात भिजवल्या, सकाळी गोणपाटानं घासल्या. मी, वर्गात मुलींना खरं बोलायला शिकवणारी, पाटावर बसून कवड्या जुन्या करत होते.

आईच्या कवड्या पेटीत नाहीत. पेटीची किल्लीही हरवली नव्हती. त्या पवनेत आहेत. घाटाच्या खाली, जिथं पाणी खोल आहे तिथं. आणि नदी आता दोन्ही काठ भरून वाहते आहे.

आता सगळं सांगते, आधी जसं सांगितलं तसं नाही, झालं तसं.

बुवा रविवारी येणार होते. शुक्रवारी तिला पुसून घेताना मी कवड्या काढल्या. तिनं घशातून आवाज काढला. मी मनाशी म्हटलं, ती नेहमीच असा आवाज करते. नेहमी करायची खरं. पण तो नेहमीचा नव्हता. विमलबाई तांब्या घेऊन उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "बाई, त्यांना विचारलं का?"

"त्यांना बोलता येत नाही, विमलबाई."

"बोलता येत नाही, पण रडता येतंय की वो."

मी पाहिलं. आईच्या डाव्या डोळ्यातून पाणी येत होतं. तो डोळा अधूनमधून तसाच गळायचा, हेही खरं आहे. मी तेच मनाशी धरलं.

हात दाबला, असं मी तुला लिहिलं. दाबला होता. पण इंदू, तिच्या हातात काहीही ठेवलं तरी ती दाबायची. चहा हवा का विचारलं तरी दाबायची, चहा नको ना विचारलं तरी दाबायची. हे मला पहिल्या पंधरा दिवसांतच समजलं होतं.

बुवा आले. दारात उभे राहून मला म्हणाले, "रुक्मिनीबाई, आईंनी मागितलीया ना माळ? मागितल्याबिगर मी देत न्हाई." मी म्हटलं, "हो, मागितली. कवड्याही त्यांनीच काढायला लावल्या." इतकं सहज निघालं तोंडातून. आणि तेव्हा मला ते खोटं वाटलंच नाही. मला वाटलं, तिला बोलता आलं असतं तर ती हेच म्हणाली असती. तिच्या वतीनं मी म्हटलं.

त्यानंतर ती पडल्या पडल्या पेटीकडे बघायची. जागी असली की नजर पेटीवर. मी पलंग फिरवला, तर मान वळवून बघायची. आठ दिवस मी ते सोसलं. मग एका सकाळी शाळेत जायच्या आधी कवड्या रुमालात बांधल्या, आत दगड घातला आणि घाटावर जाऊन सोडल्या. मला वाटलं, पेटीत नसल्या की ती बघणार नाही.

संध्याकाळी आले, तर ती पेटीकडेच बघत होती.

तू मला काय म्हणशील ते म्हण. तुझा शब्द बरोबर होता की नव्हता, हे मला अजूनही नीट सांगता येत नाही. पण तुला पाठवलेली माळ खोटी होती, आणि पहिल्या पत्रातलं निम्मं खोटं होतं, एवढं सांगता येतं.

आक्का


चिंचवड,
रविवार, १ सप्टेंबर

इंदू,

तुझं उत्तर नाही. मीही ते मागायला लिहीत नाही. काही गोष्टी राहिल्या होत्या.

मी बुवांकडे गेले. ते ओसरीवर बसून फाटक्या छत्रीला टाके घालत होते. मी म्हटलं, "बुवा, आईनं माळ मागितली नव्हती. मी खोटं बोलले."

त्यांनी सुई थांबवली. मग म्हणाले, "मी तुला इचारलं व्हतं."

"हो."

"तुला इचारलं. ती समोर पडली व्हती, डोळं उघडं व्हतं तिचं. अन मी तुझ्याकडं बघून इचारलं." त्यांनी छत्री खाली ठेवली. "चूक तुझी न्हाई निस्ती. मला बी घाई झाली व्हती. एक जीव नामाला लागतोय म्हनल्यावर मानूस हावरा व्हतो."

मी विचारलं, "मग आता मी काय करू?"

"मला ठावं न्हाई," ते म्हणाले. इतकी वर्षं मी काहीही विचारलं की त्यांच्याकडे उत्तर असायचं. मी उठून आले. गेल्या रविवारी माळ घ्यायला दोघं नवीन आले होते, कारखान्यातले. बुवांनी त्यांना दोन महिने नुसतं येऊन बसायला सांगितलं. मंडळींत कुजबुज झाली. एकानं मला बाजूला घेऊन म्हटलं, "बाई, तुम्ही तर आईला तारलंत. पश्चात्ताप कसला करता?" खरं सांगते, ते ऐकून मला फार बरं वाटलं. आणि मग, मला बरं वाटलं याचीच भीती वाटली.

दुसरी गोष्ट. डॉक्टरांनी सांगितलं होतं, अंगात ताकद नाही, रोज एक अंडं द्या, जमलं तर बोकडाच्या पायांचं पाणी द्या. मी डाळीचं पाणी दिलं. माझ्या घरात ते शिजत नाही, एवढाच विचार केला. विमलबाई म्हणाल्या होत्या, "माझ्या चुलीवर करून देते, तुमच्या भांड्याला लागायचं नाही." मी नको म्हटलं. त्यानं ती गेली असं नाही. डॉक्टर म्हणाले, जाणारच होती. पण तिला ते आवडायचं. तिच्या हातचा रस्सा आठवतो ना? तिला मी तो शेवटपर्यंत दिला नाही, आणि तिला मागता येत नव्हता.

तिसरी गोष्ट मी कुणालाच सांगितलेली नाही. ही सांगायची की नाही, यात आठवडा गेला. सांगितली तर तुला वाटेल आक्का स्वतःला सोडवून घेते आहे. न सांगितली तर ते आणखी एक लपवणं.

वैशाखात तू आलीस. तिच्या गळ्यात तुळशीची माळ पाहिलीस, आणि आईनं तुला बघून गळ्याशी हात नेला. मी म्हटलं, "बघ, नाम घेते आहे." तू म्हणालीस, "नाम कशाचं, ती कवड्या हुडकतीया." तू रडत गेलीस. त्यानंतर तीन दिवस मला चैन नव्हतं. चौथ्या दिवशी सकाळी मी कात्री घेतली. ठरवलं की माळ काढून टाकायची. कवड्या तर परत आणता येत नव्हत्या, निदान हे तरी गळ्यात राहू नये. मी तिच्याजवळ बसले, म्हटलं, "आई, माझं चुकलं. काढते मी ही."

तिनं डाव्या हाताच्या मुठीत माळ धरली. घट्ट. मी बोटं सोडवायला लागले तर सोडेना. माझ्याकडे बघत होती. मी कात्री खाली ठेवली, तरी मूठ सुटली नाही. दुपारी विमलबाईंनी पाहिलं, झोपेतही मूठ तशीच होती.

इंदू, ते काय होतं? तिला माळ हवी होती? का हातात येईल ते ती धरायची, तसं धरलं? का तिला वाटलं, एकदा गळ्यातलं नेलं, आता हेही नेते आहे ही? मी रोज वेगळं ठरवते. शाळेत जाताना एक वाटतं, परतताना दुसरं. मला जे हवं आहे ते मी त्यात बघेन, म्हणून माझ्या ठरवण्यावर माझाच विश्वास नाही.

तुला काय वाटतं, ते मला सांगू नकोस. मला वाटतं मी तेच खरं धरून बसेन.

आक्का


चिंचवड,
रविवार, १५ सप्टेंबर

इंदू,

तुझं पत्र शनिवारी मिळालं. चार पानं! तू आयुष्यात चार पानं कधी लिहिली नसतील. विमलबाई दारातून म्हणाल्या, "धाकट्या बाईचं का? काय म्हणतेत?" मी म्हटलं, वाचून सांगते. वाचलं, पण सांगता आलं नाही.

तुझ्याच ओळी खाली उतरवते आहे, कारण हे तू खरंच लिहिलंस का, ते मला पुन्हा बघायचं आहे.

"आक्का, मी बी एक लपवलंय. गेल्या वर्सी आय म्हनली व्हती, मला एकदा रुक्मिनीच्या बुवाकडं घिऊन चल. गप बसून नाम ऐकते. मी म्हनलं, गाडी मोकळी न्हाई. दिवाळीत पुन्यांदा म्हनली. मी म्हनलं, तितं गेलीस तर त्ये लोक तुझ्या कवड्या काढायला लावतील. तर आय म्हनली, लावतील तर मी न्हाई म्हनीन. मला तोंड हाय. तरी मी न्हेली न्हाई. मला भ्या वाटलं. ल्हानपनापास्नं ऐकलंय, त्या कवड्यांवर मी जगले. आयनं काढल्या तर मी मरंन असं मला वाटायचं. म्हनून मी तिला घरातनं हलू दिली न्हाई. तू गळ्यातलं काढलंस, मी पाय बांधलं."

आणि खाली, "कवड्या नदीत गेल्या त्याला चार म्हैन्यांच्या वर झालं. मी जित्ती हाय. रोज शेतात जाते, भाकरी थापते, ढेकर देते. ह्याचं काय करू त्येच कळंना. देवीनं सोडलं का, का तिला कवा ठावंच नव्हतं. राग येतो का बरं वाटतं त्ये बी कळंना. तुला ठावं आसंल म्हनून लिवते, तू शिकल्याली हायस."

मला ठाऊक नाही, इंदू. पूर्वीची आक्का असते तर लगेच चार ओळी लिहिल्या असत्या. देव कुणाला मारत नसतो, नामाला ये, भीती जाईल. पेन उचललाही होता. ठेवून दिला.

मी तुझ्या पत्रातल्या एका वाक्यापाशी अडकले आहे. 'मला तोंड हाय.' जी असं म्हणाली होती, ती माझ्या घरी आली तेव्हा तिला तोंड नव्हतं. आणि ती काय म्हणाली असती, हे तिनं आधीच सांगून ठेवलं होतं. ऐकेन, पण कवड्या काढणार नाही. दोन्ही. मला वाटायचं दोन्ही एकत्र होत नाही. तुलाही तेच वाटायचं. तिला एकटीला ते होतं असं वाटायचं, आणि तिला आपण दोघींनी विचारलं नाही. मी दिलं ते तिनं मागितलं नव्हतं. तिनं मागितलं होतं ते ओसरीच्या कोपऱ्यात बसून मिळालं असतं. एक सकाळ. बैलगाडी आणि एक मोटार.

हे वाचून मला थोडं बरं वाटलं. तिला माझं नाम ऐकायचं होतं! मग लगेच लाज वाटली, कारण मुठीतल्या माळेचा अर्थ मी पुन्हा माझ्या बाजूला ओढायला लागले होते. तू मात्र भाबडेपणानं लिहिलंस, "मूठ धरली त्याचं मला बी कळत न्हाई. कवा वाटतं तुझ्यासाटी धरली, तुला वाईट वाटू नये म्हनून." हा अर्थ माझ्या मनात एकदाही आला नव्हता. तो वाचून मी उठले आणि मोरीत जाऊन तोंड धुतलं. खरा असेल तर सगळ्यात कठीण तोच आहे.

तू लिहिलंस, "घटाला ये. न्हाई आलीस तरी चालंल." घट या मंगळवारी नाही, पुढच्या मंगळवारी बसतो. मी त्याच्या आदल्या दिवशी, सोमवारी येईन. शाळेत रजा मागितली आहे. बुवांना सांगितलं. ते म्हणाले, "जावा."

तू आईच्या घरात घट बसवशील तेव्हा मी शेजारी बसेन. परडीत माती घालायला सांगितलंस तर घालीन. हात जोडेन की नाही, मला आज माहीत नाही. तिथं बसल्यावर जे होईल ते होईल. तू माझ्याकडे बघत राहू नकोस म्हणजे झालं. माझी तुळशीची माळ माझ्या गळ्यात असेल. तुला नव्या कवड्या घालायच्या असतील तर त्या तू तुझ्या हातानं घे. मी आणलेल्या विमलबाईंनी नेल्या. त्यांना हव्या होत्या, तसं त्या स्वतःच म्हणाल्या. आणि घालायच्या नसतील तर तुझा गळा मोकळा राहू दे. मला काहीही चालेल असं मी लिहिणार होते. पण माझ्या चालण्या न चालण्याचा तिथं संबंध काय?

आजवर म्हाळुंग्याला येताना मी दर खेपेला काही ना काही घेऊन आले. नामाची पुस्तिका, बुवांच्या ओसरीवरचा प्रसाद, तुझ्या मुलांना पाट्या. मोटारीतून उतरायच्या आधीच सगळं ठरलेलं असायचं. तुला काय हवं आहे, हे मी कधीच विचारलं नाही.

तर विचारते. येताना काय आणू? उलट टपाली कळव. तुझं पत्र आल्याशिवाय मी काही घेणार नाही. आणि काहीच नको असेल तर तसंही लिही, मी रिकाम्या हातानं येईन.

तुझी
आक्का